गोळीचं नाव तरी आमच्या हाती येऊ द्या

संपादक साहेब, नमस्कार.

शुगरच्या माणसानं काय खावं यावर पेपरात नेहमीच येते, गोळ्यांबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून लिहून राहिलो.

आमच्या बाबांना बारा वर्षांपासून शुगर आहे. खेड्यात पूर्ण स्ट्रिप कोण घेते, हातात पैसे असतील तशा चार-पाच गोळ्या कात्रीनं कापून आणतो, आणि तो तुकडा घरी येतो तर त्यावर ना नाव ना एक्सपायरी, नुसती चकाकी. भादव्यात बाबा दुसऱ्या डॉक्टरकडं गेले, त्यानं विचारलं आधीची गोळी कोणती, तर हे म्हणे "पांढरी, बारकी". झालं! त्यानं ग्लिमेपिराइड म्हणजे शुगर उतरवायची गोळी लिहिली, घरातली पांढरीही ग्लिमेपिराइडच, फक्त कंपनी वेगळी म्हणून नाव वेगळं. दोन्ही सुरू. त्यात एकादशीचा उपास, अन् उपाशीच वावरात फवारणी पाहायला गेले.

बांधावर बसले होते, घामानं ओलेचिंब, हात थरथरत, बोलणं तोंडातल्या तोंडात. आम्हाला वाटलं फवारणीच बाधली, यवतमाळचं 2017 साल कोण विसरते, फवारणीच्या विषानं शेतकरी-मजूर गेले होते. पण बाजूच्या वावरातल्या काकूच्या घरी शुगर आहे, तिनं बरोबर ओळखलं की शुगर एकदम उतरली, चहाच्या साखरेतली तीन चमचे पाण्यात कालवून पाजली. पंधरा-वीस मिनिटांत बाबा म्हणतात, "काहून गर्दी केली रे?" मग भाकर खाऊ घातली, एकादशी गेली तेल लावत.

दवाखान्यात सांगितलं, शुगर 70 (mg/dL) च्या खाली गेली की लो समजा अन् साखर द्या, पण माणूस बेशुद्ध असला तर तोंडात काहीच घालू नका, गळ्यात अडकते, सरळ गाडी काढा. आणि उपास धरायचा असला तर गोळीचं आधी विचारून घ्या, स्वतःच्या मनानं नाही.

मेडिकलवाल्या भाऊंना एवढीच विनंती, कापायची तर कापा, पण पुडीवर पेनानं नाव, पॉवर, एक्सपायरी लिहून द्या. दोन मिनिटांचं काम आहे. मी आता रिकाम्या स्ट्रिपाही डब्यात ठेवतो आणि डॉक्टरकडं डबाच नेतो. पहिल्यांदा नेला तर त्यात किराणा दुकानातून आणलेल्या गुडघेदुखीच्या गोळ्या निघाल्या, डॉक्टर बाबांवर असे तापले, म्हणे शुगरवाल्याच्या किडनीला हे रोजचं चालत नाही.

बाबांच्या बंडीत आता ग्लुकोजची पुडी असते. दोनदा नातवानंच संपवली.

– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ