हस्तलाघव आणि जुने खेळ

वेंगुर्ला

चि. निखिल यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेले पत्त्यांच्या करामतींचे चित्रीकरण तुझ्या आईने आणि मी दोनदा पाहिले. एका हाताने जोड कापणे, पंखा उघडणे, पत्ता बोटांवर फिरवणे हे तुला उत्तम जमू लागले आहे. मात्र पाहून झाल्यावर आई म्हणाली, "याची बोटं काय भराभर चालतात!" आणि हेच मला खटकले, कारण जादू पाहणाऱ्याच्या मनात बोटांचा विचारच यायला नको. दर आठवड्याला नवी युक्ती उचलण्याच्या तुझ्या नादात एक ना धड भाराभर चिंध्या अशी गत होऊ नये, म्हणून सांगतो की पूर्वीच्या उस्तादांनी घडवलेला एखादा खेळ अथपासून इतिपर्यंत बसव. सुटी युक्ती तुला हात कसा हलवायचा एवढेच शिकवते. तो कधी हलवायचा आणि कधी स्वस्थ ठेवायचा, हे अख्खा खेळ केल्याशिवाय कळत नाही.

पहिला खेळ 'महत्त्वाकांक्षी पत्ता' हाच घे. प्रेक्षकाचा पत्ता जोडाच्या मधोमध जातो आणि पुनःपुन्हा वर येतो, एवढेच त्याचे कथानक. कोणताही खेळ ओळीने तीनदा पाहिला की आपण त्याचे गुपित सांगू, अशी बढाई प्रसिद्ध जादूगार हुडिनी मारत असे. त्याला 1922 साली शिकागोमध्ये पत्त्यांचे जादूगार डाय व्हर्नन यांनी याच प्रकारच्या खेळाने निरुत्तर केले. तुला याचा उपयोग असा, की एकच गोष्ट पुन्हा घडणार हे प्रेक्षकाला दुसऱ्या खेपेपासून ठाऊक असते आणि त्याची नजर नेमकी तुझ्या हातांवर खिळते.

या खेळाचा कणा म्हणजे दोन पत्ते एकच आहेत असे भासवून उलटणे. उजव्या अंगठ्याने मागच्या काठावरून वरचे दोन पत्ते केसभर उचलायचे आणि डाव्या करंगळीच्या टोकाचे मांस त्या फटीत अडकवून ठेवायचे. ही तयारी पत्ता उलटण्याच्या क्षणी करू नकोस. प्रेक्षक पत्त्यावर सही करत असताना किंवा तुझ्या प्रश्नाला उत्तर देत असताना, म्हणजे त्याच्या लेखी काहीच चाललेले नसताना, ती उरकून घे. नवशिके दोन पत्ते सुबक उलटण्याचा सराव करतात आणि एकटा पत्ता मात्र जसा जमेल तसा उलटतात, त्यामुळे दोहोंतला फरक लहान मुलाच्याही ध्यानात येतो. आरशासमोर बसून आधी एकच पत्ता सहज कसा उलटतोस ते पाहा आणि दुहेरी पत्ता त्याच्यासारखा कर. त्याची नजाकत वाढवण्याची काही गरज नाही.

यानंतर व्हर्नन यांचाच 1946 साली प्रसिद्ध झालेला 'ट्रायम्फ' घे. त्यात अर्धे पत्ते उलटे आणि अर्धे सुलटे करून पिसले जातात, आणि शेवटी निवडलेला पत्ता सोडून सगळे एका दिशेला वळलेले दिसतात. इथे पिसण्यात गबाळेपणा वाटला पाहिजे, आणि सफाई दाखवायची सवय लागलेल्या तुझ्या हातांना ते जड जाईल. जादूगार एल्मस्ली यांची चार पत्ते मोजण्याची रीत मात्र त्यापुढची आहे. त्यात एक पत्ता दोनदा दिसतो आणि एक झाकलेलाच राहतो, तरी चारही पत्ते एकाच लयीत पडावे लागतात. तिची घाई नको.

वाचायचेच असेल तर एर्डनेस या टोपणनावाने 1902 साली निघालेले पत्त्यांच्या हस्तलाघवावरचे पुस्तक मिळव. खरा लेखक कोण याचा वाद अजून मिटलेला नाही. पण व्हर्नन यांनी लहानपणापासून त्याची पारायणे केली, एवढे प्रमाणपत्र मला पुरेसे वाटते. त्याची भाषा रुक्ष आहे, म्हणून पत्ते हातात धरूनच एकेक वाक्य करून पाहा.

आपल्याकडच्या पावसाळ्यात कागदी पत्ते फुगतात आणि एकमेकांना चिकटतात. तरीही प्लास्टिकच्या गुळगुळीत पत्त्यांकडे वळू नकोस, कारण त्यात जोडीने धरलेले दोन पत्ते ऐन वेळी सरकून वेगळे होतात. बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी पत्त्यांच्या डब्यात टाकून ठेवली म्हणजे बरेच निभावते. (सावंतवाडीच्या गंजिफावर, म्हणजे तिथल्या जुन्या धाटणीच्या पत्त्यांवर, दोन पत्ते एक म्हणून उलटण्याची युक्ती करता येईल का, असे तू मागे विचारले होतेस. दशावतारी संचातले एकशे वीस गोल, लाख चढवलेले पत्ते हातात घेऊन पाहा म्हणजे उत्तर आपोआप मिळेल.)

चवथीला आलास की रात्री भजनानंतर पडवीत 'महत्त्वाकांक्षी पत्ता' तेवढा कर, दुसरे काही नको. पोरे जमिनीवर बसून खालून वर पाहतात, आणि मागे उभा राहणारा एक तरी काका असतोच. करंगळीची फट मागूनच दिसते. तेव्हा भिंतीला पाठ लावून बस आणि कोपरे अंगालगत ठेव. येताना कागदी पत्त्यांचे दोन जोड घेऊन ये, इथल्या दुकानात सध्या प्लास्टिकचेच आहेत.

तुझे बाबा