रद्द की अपात्र?

प्रिय सुधाकर,

दिवाळीपासून एक ओळ नाही लिहिली, घाल शिव्या. तब्येत बरी, गुडघा होता तसाच. पण परवा तालुक्याच्या पानावर तुझी बातमी वाचली न् राहवलं नाही. ‘न्यायालयाने सरपंचाची निवडणूक रद्द केली.’ काऊन रे बाप्पा, कोणतं न्यायालय? आदेश जिल्हाधिकाऱ्यांचा, तोही अतिक्रमणावरून अपात्रतेचा!

मोजणीत घोळ झाला असं कुणाचं म्हणणं असेल, तर ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम १५. निकालापासून १५ दिवसांत दिवाणी न्यायाधीशाकडे अर्ज. अतिक्रमण, तिसरं अपत्य ही कलम १४ ची भानगड. ती जिल्हाधिकाऱ्यांकडे, अपील अमरावतीला आयुक्तांकडे. अपात्र झालेला माणूस निवडून आलाच होता, त्याला पडलेली मतं खरीच. तू ‘रद्द’ लिहिलंस न् अख्ख्या गावाचं मतदान खोटं पाडलंस.

आमदाराचं वेगळंच. ४५ दिवसांत थेट हायकोर्टात याचिका. तिथं निवडणूक रद्द झाली म्हणून पडलेला आपोआप आमदार होत नाही. तशी मागणी याचिकेत लागते, वर ती सिद्धही करावी लागते. फटाके फोडणाऱ्या कार्यकर्त्यांचा फोटो छापण्याआधी तेवढं बघत जा.

आणि स्थगिती! १२ जून १९७५ ला अलाहाबादला न्या. सिन्हांनी इंदिराबाईंची निवडणूक रद्द केली, त्याच दिवशी २० दिवसांची स्थगितीही दिली. २४ जूनला न्या. कृष्ण अय्यरांनी सांगितलं, सभागृहात बसा, पण मत देता येणार नाही. ‘दिलासा’ छाप की ‘झटका’, दोन्ही अर्धवटच. नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टाने मूळ निकालच फिरवला.

म्हणून आदेशाचं शेवटचं पान आधी वाच. अर्ज मंजूर की फेटाळला, आदेश अंतरिम की अंतिम, स्थगिती किती दिवसांची, हे सगळं तिथंच असतं. सुनावणीत न्यायाधीश तोंडी जे बोलतात ते आदेशात असेलच असं नाही. ‘ताशेऱ्यांशिवाय बातमी चालत नाही’ हे तुझं जुनं पालुपद. मी तेव्हाही मानलं नव्हतं, आताही नाही. वकिलाने चहा पाजून सांगितलेला निकाल तर मुळीच घेऊ नको, त्याचा पक्षकार कधी हरतच नाही!

कापसाचं काय झालं, विकला की घरातच? पोरीच्या बारावीचं कळव. वहिनींना नमस्कार.

शुद्धिपत्र बातमी होती त्याच पानावर दे, निविदांच्या खाली कोंबू नको.

तुझा,
विनायक