मिस्सेत कोण बोलू शकतो?

संपादक महोदय,

‘प्रापंचिकांना (याजकीय दीक्षा न घेतलेल्या भाविकांना) चर्चमध्ये प्रवचनाची बंदी आहे’ असे आमच्या वसईतही सर्रास ऐकू येते. हे अर्धसत्य आहे. कॅथोलिक चर्चच्या 1917च्या कायद्याने प्रापंचिकांना चर्चमध्ये उपदेश करण्यास सरसकट मनाई केली होती. 1983च्या संहितेने ती उठवली. कलम 766नुसार गरज असेल तिथे, बिशप परिषदेच्या नियमांनुसार, प्रापंचिक व्यक्ती चर्चमध्ये उपदेश करू शकते. पुढचे कलम 767 मात्र स्पष्ट आहे: मिस्सेतील (चर्चच्या मुख्य उपासनाविधीतील) शुभवर्तमानाच्या वाचनानंतरचे प्रवचन धर्मगुरू किंवा डीकन (धर्मगुरूच्या खालच्या पायरीचा दीक्षित सेवक) यांच्यासाठीच राखीव आहे. रविवारी ते गंभीर कारणाशिवाय टाळताही येत नाही, हेही लक्षात ठेवावे.

मुलांच्या मिस्सेसाठीच्या 1973च्या मार्गदर्शिकेत तर धर्मगुरूंच्या संमतीने एखाद्या प्रौढ प्रापंचिकाने शुभवर्तमानानंतर मुलांशी बोलण्याची सोय आहे. आपल्या किती धर्मग्रामांत ती वापरली जाते?

जर्मनीतील चर्चने प्रापंचिकांना मिस्सेत प्रवचनाची परवानगी मागितली; 2023मध्ये व्हॅटिकनने ती नाकारली. तो निर्णय मला मान्य करावा लागतो, पण पटत नाही. येशूच्या पुनरुत्थानाची बातमी शिष्यांना सर्वप्रथम सांगितली ती मरिया माग्दालियाने. ईश्वरविज्ञान शिकलेल्या धर्मभगिनी आज आपल्यात आहेत. निदान ईस्टरपूर्वीच्या तपश्चर्याकाळातील चिंतने, नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना), प्रार्थनासभा इथे तरी त्यांना बोलवा. त्याला कायद्याची आडकाठी नाही. अडते ते आपल्या सवयीपाशी.

– एक वाचक, वसई