आम्ही अजून इथेच आहोत, याचा अर्थ लावताना : उद्योगमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. उद्योगमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : उद्योजक राज्य सोडून जात नाहीत, यावरून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत माझी एक लहान फौंड्री, म्हणजे लोखंड वितळवून ओतकाम करणारा कारखाना, आहे. विजेवर चालणारी एक इंडक्शन भट्टी, बावीस कामगार आणि पंप व ट्रॅक्टरच्या सुट्या भागांची कास्टिंग्ज, एवढाच तिचा पसारा. वडिलांनी ती कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरात भाड्याच्या गाळ्यात, कोळशाच्या कपोला भट्टीवर सुरू केली. मी ती शिरोलीत आणली. माझ्या दारातून निघालेला टेम्पो कागल मागे टाकून पाऊण तासाच्या आत कर्नाटकात पोहोचतो. हे अंतर आरंभीच सांगतो, कारण या पत्राचा सगळा विषय त्या पाऊण तासाचा आहे. इतक्या जवळ दुसरे राज्य असताना आणि तिथे वीज स्वस्त पडेल असा हिशेब आम्हीच मांडून पाहिलेला असताना, आम्ही गेलो का नाही?

२०१३ च्या सुमारास वीजदराला कंटाळून कोल्हापूरच्या उद्योजकांनी कर्नाटकात स्थलांतर करण्याचा इशारा दिला होता. कर्नाटकनेही तेव्हा आमच्यासाठी पायघड्या घातल्या होत्या. त्या दिवसांत मीही दोघा मित्रांबरोबर निपाणीच्या बाजूला एक माळ बघून आलो. बहुतेक जण गेले नाहीत. तेव्हापासून आम्ही दर, शुल्क किंवा परवानगी यांपैकी कोणताही विषय काढला की समोरच्या खुर्चीवरचा माणूस तोंडाने नाही तरी डोळ्यांनी एकच प्रश्न विचारतो : एवढा त्रास आहे, तर मग अजून इथे कसे? हा प्रश्न मला अवमानकारक वाटत नाही, उत्तर देण्याजोगा वाटतो; आणि ते उत्तर सरकारने स्वतःच्या मनाने लिहून घेतले आहे अशी शंका येते, म्हणून हे पत्र.

आधी पावतीवरच्या पैशांबद्दल. विजेच्या बिलात मागणी आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क आणि वीज विक्री कर अशा ओळी एकाखाली एक येतात. वडिलांच्या काळात बिल कळायचे. आता ते समजून घेण्यासाठी आम्ही सल्लागाराला पैसे देतो. रात्रीच्या विजेला सूट होती म्हणून आम्ही वर्षानुवर्षे भट्टी रात्री लावली, आणि माझ्या मोल्डरांच्या मुलांनी बाप फक्त दिवसा झोपलेला पाहिला. २०१६ पासून विदर्भ-मराठवाड्यातील उद्योगांना वीजदरात सवलत मिळाली. त्याबद्दल माझी तक्रार नाही, तिकडे उद्योग वाढायलाच हवेत; पण परराज्याच्या वेशीवर बसलेल्या आमच्यासारख्यांची अडचण वेगळ्या प्रकारची आहे, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात आलेले दिसले नाही.

तरीही महोदय, कर जास्त आहे एवढ्यावरून या राज्यातील माणूस चिडतो, असे मला प्रामाणिकपणे वाटत नाही. व्यवसाय कराचे उदाहरण घ्या. १९७२ च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेला पैसा हवा होता, आणि त्यासाठी १९७५ साली हा कर आला. माझे वडील तो भरताना कुरकुरत. पण खडी फोडणाऱ्या माणसांची मजुरी त्यातून निघते हे त्यांना ठाऊक होते, त्यामुळे कुरकुर तिथेच संपत असे. याच्या उलट, २०१५ साली पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे दोन रुपये वाढवले तेव्हाही कारण दुष्काळाचेच सांगण्यात आले. पुढे चांगला पाऊस पडला, धरणे भरली; अधिभार मात्र लगेच उतरला नाही, उलट २०१७ साली पेट्रोलवर त्यात आणखी भर पडली आणि त्या वेळी कारण होते महामार्गांलगतच्या दारूविक्रीवरील बंदीने बुडालेल्या महसुलाचे. दारूचा तोटा आपल्या दुचाकीच्या पेट्रोलमधून का भरून काढायचा, याचे उत्तर आमच्या ड्रायव्हरने मला विचारले होते. मला ते देता आले नाही. २०२२ मध्ये पेट्रोलवर पाच आणि डिझेलवर तीन रुपये कमी झाले, हेही इथे नोंदवले पाहिजे.

आता बिनपावतीच्या पैशांबद्दल, आणि इथे मला जपून लिहावे लागेल. २०१८ च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याप्रमाणे लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. नाइलाजाने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत त्याने तशी खबर दिली पाहिजे. म्हणून मी कधी कोणाला काही दिले की नाही, याविषयी हे पत्र गप्प आहे. फक्त पाहिलेले सांगतो. एका कार्यालयात, ज्याचे नाव मी इथे लिहिणार नाही, माझ्या अर्जात दर खेपेला एकेकच नवी त्रुटी काढली जाई. पहिल्या खेपेला नकाशाची प्रत साक्षांकित नाही. दुसऱ्या खेपेला प्रत साक्षांकित आहे पण शिक्का पुसट आहे. तिसऱ्या खेपेला संबंधित साहेब बदलून गेले असून नवे साहेब फाइल ‘पहिल्यापासून बघणार’ आहेत. चौथ्या खेपेला बाहेरच्या चहाच्या टपरीवर एका गृहस्थाने माझ्याच अर्जाचा आवक क्रमांक मला तोंडपाठ म्हणून दाखवला आणि ‘फायलीवर वजन ठेवल्याशिवाय वाऱ्यानं उडायची हो’ असे हसत सांगितले. त्या माणसाचा त्या कार्यालयाशी कागदोपत्री काहीही संबंध नव्हता.

लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक मला माहीत आहे. सापळा लावायचा तर नोटा तक्रारदारानेच आणायच्या असतात, त्यांना अँथ्रासिन पावडर लावतात, पंच असतात, हेही माहीत आहे. पकडला गेलेला माणूस निलंबित होतो. पण त्याच्या टेबलावरची माझी फाइल मुद्देमालाबरोबर जाते किंवा तिला हात लावायला दुसरा कोणी धजत नाही, आणि वसाहतीत माझी ओळख ‘तो सापळा लावणारा’ अशी होते. पुढची वीस वर्षे मला त्याच खिडक्यांवर उभे राहायचे असते. आमच्यात धैर्य नाही असे कोणी म्हणाले तर मी वाद घालणार नाही. मात्र सरकारने उद्योगांच्या सगळ्या परवानग्यांसाठी ‘मैत्री’ नावाची एक खिडकी उघडून देऊनही टपरीवरचा तो गृहस्थ बेकार झालेला नाही, याचा विचार आपणच करावा.

मग आम्ही राहिलो का? मागच्या पावसाळ्यात एका पंपाच्या केसिंगचा लाकडी पॅटर्न, म्हणजे ज्यावरून वाळूत साचा उठवतात तो नमुना, ऐन मोल्डिंगच्या वेळी तडकला. रात्रीचे साडेनऊ वाजले होते, सकाळी माल द्यायचा होता. उद्यमनगरातील एका पॅटर्नमेकरना फोन केला. वयाची सत्तरी गाठलेला हा माणूस जेवणाच्या ताटावरून उठून आला, पिशवीतून पटाशी, रंधा आणि लोखंड किती आकसेल ते धरून आखलेली त्यांची जुनी पट्टी काढली, आणि साडेबारापर्यंत सागाचा तुकडा असा बसवला की सांध्यावरून नख फिरवले तरी अडकेना. पैसे विचारले तर म्हणाले, ‘बघू की सावकाश.’ निपाणीच्या त्या माळावर मला जमीन मिळाली असती, वीज मिळाली असती, पहिली काही वर्षे कदाचित सवलतही मिळाली असती. हा माणूस मिळाला नसता. वाळू पुरवणारा, कास्टिंगमधल्या पोकळीसाठी वाळूचा कोअर करणारा, रात्री दोनला भट्टीचे अस्तर भरून देणारा, कास्टिंगला ठोकून आवाजावरून आतली पोकळी ओळखणारा, ही सगळी माणसे एकमेकांपासून सायकलच्या अंतरावर आहेत. शाहू महाराजांनी १९०६ साली शाहू मिल सुरू केली, म्हादबा मेस्त्रींसारख्या कारागिरांनी यंत्रे खोलून-जोडून एक अख्खी पिढी हाताखाली तयार केली, आणि ऑइल इंजिनांच्या सुट्या भागांपासून हा व्यवसाय वाढत गेला. आम्ही राहिलो ते या शंभर वर्षांच्या ठेवीमुळे. ही ठेव कोणत्याही औद्योगिक धोरणाच्या सवलतपत्रकात नाही, आणि ती आजच्या कोणत्याही सरकारने ठेवलेली नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ महामार्ग जवळजवळ आठवडाभर बंद होता. आंबेवाडी-चिखलीकडचे माझे पाच कामगार बायकामुलांसह आमच्या पॅटर्नच्या खोलीत राहिले. शेजारच्या कारखान्याच्या कँटीनमधून भात-आमटीची पातेली येत होती आणि ती पाठवणारा माणूस धंद्यात माझा प्रतिस्पर्धी आहे. असल्या गोष्टींची किंमत ताळेबंदात कुठे दाखवायची ते चार्टर्ड अकाउंटंटला सांगता येत नाही.

आणि भाषा. माझी आत्या निपाणीत असते. तिथली आणि बेळगावची मराठी माणसे १९५६ पासून महाराष्ट्रात यायला मागतात, दर १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळतात. आपल्या राज्याने २००४ साली त्यासाठी सर्वोच्च न्यायालयात दावा केला, तो अद्याप प्रलंबित आहे. आत्याच्या घराच्या कराचा कागद कन्नडमध्ये येतो आणि तो नातू शाळेतून आला की वाचला जातो. मी जागा बघून परतताना तिच्याकडे चहाला थांबलो होतो. सगळे ऐकून घेऊन ती म्हणाली, ‘आमी जलमभर तिकडं यायला बसलोय, आन् तू हिकडं येतोस व्हय रं?’ मला तेव्हा काही बोलता आले नाही. माझ्याविरुद्ध लिहिलेली नोटीससुद्धा मला माझ्या भाषेत वाचता येते, ही सोय तिच्या दारात बसेपर्यंत मी कधी मोजली नव्हती.

पलीकडे गेलो असतो तर टपरीवरचा गृहस्थ सुटला असता, असेही नाही. कर्नाटकातील कंत्राटदारांच्या संघटनेनेच २०२१ मध्ये पंतप्रधानांना पत्र लिहून चाळीस टक्के कमिशनचा आरोप केला होता. तिथे तो गृहस्थ फक्त वेगळ्या भाषेत हसला असता, आणि त्याच्याशी भांडायला मला दुभाषा लागला असता. इथे निदान भांडता येते. शहरांतर्गत रस्त्यांवर टोल लावला तेव्हा एन. डी. पाटील सरांच्या नेतृत्वाखाली हे शहर वर्षानुवर्षे रस्त्यावर उतरले. त्यात मीही होतो, माझे कामगारही होते आणि आमचे गिऱ्हाईकही. अखेर तो टोल सरकारला रद्द करावा लागला. राहणारा माणूस असा असतो, महोदय. जाणारा निमूट जातो, राहणाऱ्याची कटकट असते. त्या कटकटीला आपण संमती समजू नये.

मला करमाफी नको आहे. मागण्या अगदी किरकोळ आहेत. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली झाला. सेवा मुदतीत न देणाऱ्या अधिकाऱ्याला त्यात पाचशे ते पाच हजार रुपये दंड आहे. टपरीवरचे आकडे ज्याने ऐकले आहेत त्याला ही रक्कम ऐकून हसू येईल, म्हणून ती विलंबाच्या दिवसांवर चढत जाणारी करावी. उद्योगाला लागणारी प्रत्येक परवानगी, मग ती कोणत्याही खात्याची असो, त्या कायद्याच्या यादीत आणावी. अर्जातील सर्व त्रुटी एकाच वेळी, एकाच पत्राने कळवणे बंधनकारक करावे. दुसऱ्या खेपेला नवी त्रुटी काढण्याचा अधिकारच ठेवू नये. आणि एखादा अधिभार तात्पुरता म्हणून लावला जाईल, तेव्हा तो कोणत्या तारखेला उतरेल हे त्याच अधिसूचनेत छापावे.

राहता राहिला माझा अर्ज. तो दाखल करून चौदा महिने झाले असून आवक क्रमांक माझ्यापेक्षा टपरीवर जास्त पाठ आहे. परवानगी द्याच, असा माझा आग्रह नाही. नकार असेल तर तोही चालेल. त्यावर कारण, सही आणि तारीख असावी.

कळावे,
आपला विश्वासू,
शिरोली औद्योगिक वसाहतीतील एक फौंड्रीमालक