माझ्या आईला तारेवरून नेणाऱ्या मॉरिशसच्या दादांना

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार.

तुम्हाला मराठी वाचता येतं हे तुम्हीच त्या दिवशी सांगितलंत, म्हणून मराठीतच लिहिते आहे. प्राथमिक शाळेत मराठी विषय घेतला होता आणि घरी आजी आरत्या पाठ करून घ्यायची, असं तुम्ही आईच्या हेल्मेटची पट्टी आवळता आवळता म्हणालात. पत्र सगळ्यांसाठी उघडं ठेवते आहे, कारण साठी ओलांडलेल्या आईवडिलांना घेऊन मॉरिशसला जाणारी आपली माणसं आता पुष्कळ आहेत. त्यांनीही हे वाचावं असं मनापासून वाटतं.

आभार मानायचे आहेत ते मुख्यतः एवढ्यासाठी, की तुम्ही आईला विचारलंत.

आमच्या सहलीच्या आयोजकांनी याद्या करतानाच आईबाबांना 'सीनियर' म्हणून वेगळं काढलं होतं. आम्ही शामुनीच्या दरीत झिपलाइनला, म्हणजे दरीवर ताणलेल्या तारेला लटकून पलीकडे जायला, जाणार आणि ते दोघे बोआ शेरीचा चहाचा मळा बघायला, असं परस्पर ठरलं. बाबांचे गुडघे दुखतात, त्यांना मळाच हवा होता. आईला नको होता. तिने मुंबईहून निघायच्या आधीच सांगून ठेवलं होतं की तिला तारेवरून जायचंय. तरी जो तो मला विचारत होता: काकूंना बीपी आहे का, काकूंना झेपेल का, काकू घाबरतील ना. आई तिथेच उभी असायची.

तुमच्याकडे आल्यावर काउंटरवरचा फॉर्मही माझ्याच हातात पडला. तो तुम्ही माझ्याकडून घेतलात, आईपुढे ठेवलात आणि सावकाश, एकेक शब्द जुळवत विचारलंत, "आई, तुम्हाला जायचं आहे?" ती हो म्हणाली. मग बीपीची गोळी कुठली, आज घेतली का, पाठीचं किंवा मणक्याचं काही दुखणं, कधी ऑपरेशन झालंय का, सगळं तिलाच विचारलंत. तिसऱ्या तारेपर्यंत कुठेही थांबायचं म्हणालात तर पायवाटेने परत आणू, त्यापुढे मात्र पलीकडे जावंच लागेल, हेही आधीच सांगितलंत. तिने ऐकून घेतलं आणि सही केली. निवृत्त होईपर्यंत अंगणवाडी चालवलेली बाई आहे ती. समोरचा माणूस कागद आपल्यापुढे ठेवून समजावून सांगतोय याची किंमत तिला बरोबर कळते.

नंतर कपड्यांचं आलं. तिने त्या दिवसासाठी मुद्दाम पंजाबी ड्रेस घातला होता. ओढणी काढून ठेवा, मंगळसूत्र गळ्याबाहेर राहू देऊ नका, वेणी हेल्मेटच्या आत, कारण तारेवरून धावणाऱ्या पुलीत काहीही अडकू शकतं, हे तुम्ही इतक्या सरळपणे सांगितलंत की तिला जराही अवघडल्यासारखं झालं नाही. हार्नेस, म्हणजे अंगाला बांधायचे ते पट्टे, चढवायला तुमच्या सहकारी ताईंना बोलावलंत. मांडीच्या पट्ट्यात दोन बोटं जातील एवढीच जागा ठेवायची, ते आईने स्वतःच्या बोटांनी तपासलं. बायकांना अशा ठिकाणी किती संकोच होतो आणि त्या संकोचापायी किती जणी खालीच थांबतात, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

आणखी एक गोष्ट आईच्या मनात घट्ट बसली आहे. तारेच्या टोकाला झाडावर बांधलेल्या फलाटावर पोचलं की तुम्ही आधी दुसरी दोरी झाडाभोवतीच्या तारेला अडकवायचात, कॅरॅबिनरचा, म्हणजे त्या जोडकडीचा, स्क्रू फिरवायचात, ओढून बघायचात, आणि त्यानंतरच पुली काढायचात. एक क्षणसुद्धा माणूस मोकळा राहता कामा नये. ती पहिल्या फलाटापासून तुमच्या हातांकडे बघत होती आणि पुढे पुढे तुमच्या आधी तिचाच हात त्या कडीकडे जायला लागला. तुम्ही तो झटकला नाहीत. "बरोबर, आता ओढून बघा," म्हणालात. भीती अशी जाते, दादा. "काही होत नाही हो" असं कितीही सांगून जात नाही.

दुसऱ्या तारेनंतर पावसाची सर आली आणि वारा सुटला. ऑगस्ट म्हणजे तुमच्याकडचा हिवाळा. आग्नेयेकडून येणारा वारा दरीत शिरला की तार गुणगुणायला लागते. तुम्ही सगळ्यांना थांबवलंत. आमच्यातले दोघेतिघे कुरकुरले, पुढचा कार्यक्रम चुकेल म्हणाले, पण तुम्ही हलला नाहीत. त्या वेळात आईची आणि तुमची जी गट्टी जमली ती मी नुसती ऐकत बसले. तुमच्याकडे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, गणपतीत झाकरी नाचतात, विसर्जन समुद्रात होतं. आई चिपळूणजवळची, तिने तिच्या गावच्या जाखडीचं सांगितलं, फेर कसा धरतात ते बसल्या बसल्या हातांनी दाखवलं. मध्येच तुम्ही दरीकडे बोट केलंत. एक पांढरा पक्षी, शेपटीला लांबच लांब दोन पिसं, आमच्या पायाखालून उडत गेला. एअर मॉरिशसच्या विमानावर असतो तोच हा, म्हणालात. मग केस्ट्रेलचं सांगितलंत. 1974 साली त्या ससाण्याचे जेमतेम चार पक्षी शिल्लक असल्याची नोंद होती आणि माणसांनी अंडी उबवून, पिल्लं वाढवून, रानात सोडून त्याला परत आणलं. एवढ्याशा बेटावर एवढी मोठी गोष्ट घडली आणि आम्ही फक्त समुद्रकिनारे बघून परतलो असतो.

आता त्या लांब तारेबद्दल. आई हलकी आहे आणि वारा समोरून होता. निघण्याआधीच तुम्ही तिला सांगितलंत, "तुम्ही कदाचित पलीकडे पोचणार नाही. अलीकडेच थांबाल. हे बिघडणं नाही, वजन कमी असलं की असं होतं. थांबलात तर तारेला हात लावू नका, हँडल धरून बसा, मी येतो." आणि तसंच झालं. फलाट थोडासा राहिला असताना तिचा वेग संपला, ती जराशी मागे घसरली आणि नदीच्या वर लटकून राहिली. खाली ट्रॅव्हलर्स पामचे ते मोठे पंखे आणि त्यामागे पाणी. मी अजून अलीकडेच होते, माझ्या हातापायातलं बळ गेलं.

आई शांत होती. नंतर विचारलं तर म्हणाली, "लहानपणी पावसाळ्यात साकवावरून शाळेत जायचो, खाली वहाळ फुगलेला असायचा. पलीकडचा माणूस हात देतो म्हणाला की नुसतं थांबायचं असतं." तुम्ही पलीकडून तारेला लटकलात, पाठ खाली, पाय पुढे टाकून हातावर हात घेत तिच्यापर्यंत आलात, तिला स्वतःशी जोडून घेतलंत आणि परत तसेच ओढत फलाटावर नेलंत. घाई दिसली नाही, ओरडा झाला नाही. आधी सांगून ठेवलेलं असल्यामुळे त्या लटकण्यात तिच्यासाठी अपघातासारखं काही उरलंच नव्हतं. तिथे बसून तिने नदी नीट पाहून घेतली म्हणे. पुढच्या तारेला तुम्ही तिच्या हार्नेसला स्वतःचा हार्नेस जोडलात, दोघांचं वजन मिळून वेग पुरला, आणि त्या वेळी ती जी मोठ्याने हसली ते हसू मी घरात कधी ऐकलं नव्हतं.

तुमच्या कामाचं वर्णन लोक 'थ्रिल' या एका शब्दात करतात. मला ते अपुरं वाटतं. रोज नवी माणसं, कुणी घाबरलेलं, कुणी फुशारलेलं, प्रत्येकाच्या अंगावरचा प्रत्येक बक्कल आपल्या हाताने तपासायचा आणि तरी प्रत्येकाशी पहिल्यांदाच बोलतोय असं बोलायचं, याला फार मोठं मन लागतं. ते तुमच्याकडे आहे. तुमच्या त्या सहकारी ताईंकडेही आहे. त्यांना माझा नमस्कार सांगा.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोर्ट लुईसला आप्रवासी घाटावर गेलो. 1834 पासून 1920 पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसं करारावर मजुरीसाठी हिंदुस्थानातून त्या धक्क्यावर उतरली. त्या सोळा दगडी पायऱ्यांपाशी आई बराच वेळ उभी राहिली. तुमचे पणजोबा रत्नागिरीकडचे, पण गाव कुठलं ते घरात कुणाला माहीत नाही, हे तुम्ही पाऊस थांबायची वाट बघताना म्हणाला होतात. ते तिच्या डोक्यातून जात नाही.

म्हणून एक काम करा. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये त्या काळच्या मजुरांच्या नोंदी जपून ठेवल्या आहेत. तिथून पणजोबांच्या कागदाची प्रत मिळाली तर तिचा फोटो पाठवा. गावाचं नाव साहेबांनी कानावर पडलं तसं लिहिलेलं असणार, इंग्रजीवरून नीट कळायचं नाही, पण आईला आणि माझ्या मामांना त्या भागातल्या वाड्यावस्त्यांची नावं तोंडपाठ आहेत. तालुका कळला तरी शोध घेता येईल. मामा निवृत्त तलाठी आहेत आणि त्यांनी आत्तापासूनच जुने नकाशे काढून ठेवलेत. गाव सापडलं तर तुम्ही घरच्यांना घेऊन या, उतरायला चिपळूणचं घर आहेच. गणपतीत आलात तर आई जाखडीला नेणार आहे.

बाबांचाही तुम्हाला नमस्कार. कळावे, लोभ असावा.

तुमची,
आईची लेक