कुत्र्याच्या ब्रेससाठी आधी डॉक्टर, मग प्रिंटर

मा. संपादक,
हल्ली रील फिरतात, मोबाईलने कुत्र्याचा पाय स्कॅन केला, थ्रीडी प्रिंटरवर ब्रेस (लंगड्या पायाला आधार देणारं कवच) काढला, झालं काम. २०१४ मध्ये अमेरिकेत डर्बी नावाच्या कुत्र्याचे पुढचे पाय जन्मतःच नीट वाढलेले नव्हते, त्याला थ्रीडी सिस्टिम्स कंपनीने पाय प्रिंट करून दिले आणि पठ्ठ्या पळायला लागला, त्यामुळे हे खोटं नाही. पण आता लोक घरच्या घरी करायला बघतायत म्हणून लिहितोय.

पहिली भानगड केसांची. कॅमेऱ्याला कातडी दिसत नाही, केस दिसतात, म्हणजे ब्रेस ढगळ होणार, सरकणार आणि घासून जखम करणार. म्हणून पायाला हलकं बँडेज गुंडाळून मग स्कॅन करावं, तेही कुत्रं गप्प उभं राहिलं तर! नाहीतर डॉक्टरांकडून साचा काढून घ्यायचा आणि तो टेबलावर ठेवून निवांत स्कॅन करायचा. दुसरं म्हणजे स्वस्तातलं पीएलए नावाचं प्रिंटरचं प्लास्टिक साठ डिग्रीच्या आसपास मऊ पडतं, उन्हात बंद गाडीत राहिलं तर ब्रेस वाकडा होतो, त्यापेक्षा पीईटीजी हे प्लास्टिक बरं. आतून फोम हवाच, आणि रोज काढून कातडी लाल झालीय का ते बघायचं.

आणि लंगडणं हाडामुळे की लिगामेंटमुळे (हाडं जोडणाऱ्या पट्ट्यामुळे) हे मोबाईल सांगणार नाही हो, आधी तपासणी आणि लागला तर एक्सरे. परळ, शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजांनी इंजिनिअरिंगची पोरं सोबत घेऊन परवडेल अशी सोय काढली तर भटक्या कुत्र्यांचंही भलं होईल, तेवढं छापा.

– एक वाचक, सातारा