जुने गोवे धक्क्यापासून चालत पाहावे

महोदय,

सुट्ट्या लागल्या की आपल्याकडून गोव्याला सहली निघतात. त्यात जुन्या गोव्याच्या वाट्याला जेमतेम पाऊण तास येतो. बस बॉम जेझू चर्चच्या दारात थांबते, मंडळी सेंट झेवियरचे शव ठेवलेल्या पेटीला लांबून हात जोडतात, समोरच्या हिरवळीवर फोटो काढतात आणि मंगेशीच्या वाटेला लागतात. पोर्तुगीजांची पूर्वेकडची राजधानी पाहून झाली!

या शहराचे तोंड मुळात हमरस्त्याकडे नाही, मांडवीकडे आहे. दिवाडीची फेरीबोट लागते त्या धक्क्यावरून चालू लागले की आधी विजरईची, म्हणजे पोर्तुगीज व्हाइसरॉयची, कमान येते. नदीच्या अंगाला वास्को द गामाचा पुतळा; कमान उभारली त्याच्या पणतूने, स्वतः विजरई असताना. नवा विजरई गलबतातून उतरून हिच्याखालूनच शहरात शिरत असे. (आजची कमान 1954 साली पुन्हा बांधलेली आहे, हेही सांगायला हवे.) थोडे पुढे डावीकडे सां काजेतान चर्चचा घुमट. त्याच्या आवारात आदिलशहाच्या वाड्याचे नुसते दार उभे आहे, वाडा नाही. काळ्या दगडातली त्याची कोरीव चौकट देवळातली वाटते. बसमधून हे दार दिसत नाही.

मग से कॅथेड्रल. 1562 मध्ये सुरू झालेले हे काम 1619 पर्यंत चालले. 1776 मध्ये एक मनोरा कोसळला, तो पुन्हा उभारलाच नाही. मला ते असे एका खांद्याचेच आवडते.

रस्त्यापलीकडे बॉम जेझू. 1683 च्या नोव्हेंबरात संभाजी महाराजांनी जवळच्या जुवे बेटावरचा किल्ला घेतला, तेव्हा हबकलेल्या विजरईने इथेच झेवियरच्या पेटीपुढे आपला राजदंड ठेवून शहराचे रक्षण त्याच्यावर सोपवले. मराठी पर्यटक रोज याच पेटीसमोरून जातात. पण हे सांगणारी एक ओळ मला तिथे कुठे दिसली नाही.

मोन्ते सांतोच्या चढावर ऑगस्टीन चर्चचा 46 मीटर उंच मनोरा अर्धाच उरला आहे. 1835 मध्ये धर्मसंघांना हाकलल्यावर चर्च ओस पडले आणि काही वर्षांतच त्याचे छत खाली आले. तिथवर जाणारे फार थोडे.

धक्का ते मोन्ते सांतो हे अंतर रमतगमत चालण्याइतके आहे. गाड्या लांब थांबवून या वाटेवर सावली, सलग पदपथ आणि कोकणी-मराठीतले फलक एवढे संबंधित खात्याने करावे. 1986 पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेल्या वास्तूंसाठी हे काही जास्त मागणे नव्हे. तोवर सहलवाल्यांनी निदान बस धक्क्यावर रिकामी करावी आणि दोन तासांनी मनोऱ्याखाली घ्यायला यावे. मंगेशी तेवढ्यात कुठे जात नाही.

— एक वाचक, सावंतवाडी